तुटक रेघ

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी
पांडवकड्याची बंदी उठली, असं दूधवाला म्हणाला.
मी गुडघ्याला पट्टा बांधला.
पिशवीत दोन केळी, पाणी,
आणि सवयीनं, सहा इंची पट्टी.

चौकीवर पहारेकऱ्यानं वही पुढे सरकवली.
नाव: चौबळ. वय: एकाहत्तर.
कारण?
मी थांबलो.
"लिवा कायतरी. लोकं 'निसर्ग' लिवतात."
मी लिहिलं: तपासणी.
त्यानं पिशवी हुंगली, बाटली निघाली नाही
म्हणून जरासा हिरमुसला.

खरं सांगायचं तर हा ओढा मी काढलाय.
सत्त्याऐंशी साली, बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर,
तिरक्या टेबलावर, ट्रेसिंगच्या कागदावर.
निळी तुटक रेघ. तुटक म्हणजे हंगामी,
म्हणजे आठ महिने
इथे काही नाही असं धरून चालावं.
डोंगर मी पाहिला नव्हता.
आमची खिडकी दुसऱ्या अंगाला होती.

वाट गोल्फच्या हिरवळीला वळसा घालते, मग सुटते.
सागाची पानं किड्यांनी चाळण केलेली.
तेरड्याच्या शेंगा, बोट लागलं की
चिडून फुटणाऱ्या.
दगडाखाली एक मुठा
एकच नांगी वर करून:
तू कोण, कुणाच्या खात्याचा?

मागून चांगुणा शिंगवा आली,
वरच्या वाडीची. डोक्यावर
उलटी प्लास्टिकची खुर्ची, चार पाय आभाळाकडे.
"खालची लोकं टाकतात. एक पाय मोडला की टाकतात.
आमी बांबू बांधतो."
माझा श्वास ऐकून ती माझ्या चालीनं चालू लागली,
न विचारता.

आणि मग तो.
श्रावणातला नव्हे. कॅलेंडरवरचाही नव्हे.
काळ्या कातळावरून
कुणीतरी विसरून उघडा ठेवलेल्या नळाएवढं पाणी,
वाऱ्यानं मधेच बाजूला नेलेलं,
मग पुन्हा आणून ठेवलेलं.
चांगुणानं खुर्ची उतरवली, पुसली, म्हणाली,
"बसा."
तर मी धबधब्यासमोर
तीन पायांच्या खुर्चीवर
तोल सांभाळत बसलो, साहेबासारखा.

"इथं पांडव न्हाले म्हणतात," मी म्हणालो.
"न्हाले आसतील. निघूनबी गेले."
ती पाण्यात पाय घासत होती, टाच, मग घोटा.
"आमी ऱ्हायलो."

तिला सांगणार होतो, आणि सांगितलं नाही:
साहेब म्हणाले होते, चौबळ,
हे वळण आपले अकरा प्लॉट खातंय.
मी अर्धं ब्लेड घेतलं.
शाई खरवडली, हळू, कागद फाटू नये म्हणून श्वास धरून,
नखानं जागा घोटून गुळगुळीत केली,
आणि पट्टी लावून सरळ रेघ मारली.
हात सफाईदार होता माझा. सगळे म्हणायचे.
तिथे आता सोसायटी आहे, दारात कारंजं.
दर जुलैत तळघरात गाड्या तरंगतात,
आणि लोक नाल्याला शिव्या देतात,
की हा घुसला.

उतरताना कुंपणाच्या भिंतीपाशी
पाणी डावीकडे वळलं.
जिथे वळायचं तिथेच.
भिंतीला खालून भोक पाडून,
तेरडा, चपलेचा अंगठा, वेफर्सची पिशवी घेऊन
निवांत निघून गेलं.
मी बराच वेळ उभा राहिलो.
पट्टी पिशवीतच होती.

चौकीवर पुन्हा वही.
परतीची वेळ: बारा वीस.
शेरा, असा एक रिकामा रकाना.
मी बॉलपेननं, हात कापत असताना,
डावीकडे झुकणारी एक रेघ काढली,
न तोडता, रकान्याबाहेर,
खालच्या माणसाच्या नावावरून.

पहारेकरी वाकून बघत राहिला.
"काका," म्हणाला,
"सही लई लांबली तुमची."