वेलांटी

सिव्हिलच्या फाटकासमोर, रसवंतीला लागून माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.
पाटीवर इतकंच आहे.
तरी लोक रिपोर्टची घडी काउंटरवर उलगडतात
आणि म्हणतात, बघा ना जरा, याचा अर्थ काय निघतो.

मी म्हणतो, डॉक्टर चारला येतात.
ते म्हणतात, चाराला अजून दोन तास आहेत.

त्या दोन तासांत काय होतं, ते मी बघितलंय.
पेठ रोडच्या एका मास्तरांनी मानेवरच्या गाठीचं नाव टाकायला लावलं.
चौथ्या ओळीला पाणी मागितलं,
आठव्या ओळीला फोन लावून जमिनीची वाटणी सांगून टाकली.
गाठ चरबीची निघाली.
मुलगे अजून एकमेकांशी बोलत नाहीत.
हरसूलची एक पोरगी नवऱ्याचा नंबर घालून बसली,
कोण कोण त्याला कोणत्या नावानं ओळखतं, ते वाचत राहिली.
तिची शेवटची एस.टी. गेली.

रामकुंडावर गुरुजींकडे वह्या आहेत,
लांबोड्या, लाल कापडात बांधलेल्या.
गाव सांगा, आडनाव सांगा, सात पिढ्या निघतात.
वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा
त्यांनी आमचं पान काढलं, वाचत वाचत खाली आले
आणि एका ओळीवर अंगठा ठेवला.
अंगठा न उचलता पुढचं वाचलं.
तिथं काय आहे, मी विचारलं.
म्हणाले, शाई पसरलीय.
मी पायऱ्या चढून वर आलो. परत गेलो नाही.
कधी झोप येत नाही तेव्हा
तो अंगठा दिसतो, नखात कुंकू भरलेलं.

मंगळवारी ती आली.
हिरामणची आई.
द्वारकेच्या पुलाखाली तो गेला, त्याला अकरा दिवस झाले होते.
"व्हिडिओ हाये म्हणत्यात. समद्यांनी बघितला.
मलाच कुणी दावीना.
नाव टाकलं की निघतो म्हणं."

निघतो.
माझ्याच फोनवर तीन ग्रुपांतून आला होता.
तिसऱ्यांदा आला तेव्हा मी न बघता पुसला.
पहिल्यांदा नाही.

मी कीबोर्ड पुढे ओढला.
ह ची वेलांटी काढून र ला दिली,
र चा काना उडवला.
हरिमण.
असा कुणी माणूस नाशकात जन्मला नव्हता,
म्हणून मेलाही नव्हता.
बघा मावशी, काहीच निघत नाही, मी म्हटलं.

यंत्र मात्र सोडत नाही.
त्यानं वरच्या बाजूला निळ्या अक्षरांत विचारलं,
तुम्हाला हिरामण म्हणायचं होतं का?

शेजारी चरकाचे घुंगरू वाजत होते.
मी तिच्याकडे बघितलं नाही.
हिला वाचता येत नाही, हे मी धरूनच चाललो होतो.
रेशनच्या अर्जावर माझ्यासमोरच तर तिनं अंगठा दिला होता.
पण हीच चार अक्षरं
तिनं किती वर्षं दप्तरात भरली असतील,
पाटीवरून ओल्या फडक्यानं पुसली असतील,
शाळेच्या डब्यावर खिळ्यानं कोरून घेतली असतील.

तिनं हात पुढे केला.
अंगठा त्या निळ्या ओळीवर टेकवला
आणि दाबून धरला.
किती वेळ, ते मी मोजलं नाही.
रसवाल्यानं मधे दोन ग्लास भरले.

मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या.
दाखल्याच्या दोन झेरॉक्सा काढा तेवढ्या."

काढल्या. चार रुपये झाले.
मी नको म्हणत होतो,
तिनं कनवटीचे सोडून, मोजून, काचेवर ठेवले.

स्क्रीनवर ठसा उमटलाय,
मधोमध, भोवऱ्यासारखा.
पुसायचं फडकं काउंटरखालीच आहे.