उलटं पाणी

उन्हाळ्यात सरोवर आटलं की
पासिग कधीकधी उलटी वाहते.
समुद्र तिला मागं रेटतो,
आणि घराच्या फळ्यांखालून खारट वास येतो.
बदकांना ते कळतं. मलाही कळायचं.
मला कुणी विचारलं नाही.

ते विचारायला आले ते केळीच्या खांबांचं.
एकवीस खांब, माझ्या परसातले,
काहींवर घड अजून हिरवे.
तिबुर्सियो म्हणाला, "मोजून परत देऊ, मकारिया."
तोडलेली केळ परत कशी देतात, देव जाणे.
त्याच्या कमरेला कोयता होता
आणि बंडीवर शाईची लॅटिन अक्षरं,
गोळीनं शिवू नये म्हणून.
अक्षरं त्याच्या बायकोनं गिरवली होती.
तिला वाचता येत नव्हतं.

पलीकडे, चर्चच्या दगडी धक्क्यावर, राजाची फौज.
कंदील तीन.
बंदुका किती, ते कंदील सांगत नाहीत.

त्या रात्री बदकांना मी दुप्पट गोगलगायी घातल्या,
पोटं जड झाली की झोपतील.
तीनशे बदकं. एकानंही चोच उघडली नाही.
माणसांनीही नाही.
पाण्यात उतरताना एसोंगनं नुसतं नाक दाबलं,
पोरपणी बुडी मारायचा तसं.

मधल्या धारेत नदीनं कूस बदलली.

खाली बांबूच्या बनाला लागायचे ते तराफे
वर सरकायला लागले,
हळूहळू, घाई नसल्यासारखे,
बाजाराला निघालेल्या भाजीसारखे,
थेट त्या तीन कंदिलांच्या उजेडात.
ते हातांनी पाणी मागं ओढत होते.
इतकं पाणी कुणाच्या हातात मावतं?

नंतर गावात म्हणाले, बदकांनी घात केला.
खोटं आहे.
बदकं उठली ती पहिल्या फैरीनंतर.
कुणाला लिहिता येत असेल
तर एवढं तरी लिहून ठेवा.

पहाटे पाणी सुलट झालं.
खांब एकेक करून माझ्या घाटाला लागले.
मी मोजले. एकोणीस.
काहींच्या सालीत नखं रुतल्याच्या खुणा होत्या.
दिवसभर चिरत बसले. कोंड्यात कालवून
बदकांना घातले. दुसरं काय करणार?
दोन खांब तिबुर्सियोकडे बाकी आहेत.

नवव्या दिवशी त्याची बायको आली.
चुलीतला कोळसा घेऊन
माझ्या शिडीच्या पायरीवर तिनं
ती सगळी अक्षरं पुन्हा काढली,
न थांबता, पाठ असल्यासारखी.
"यातलं कुठलं चुकलं?"

मला कुठं येतं वाचता.
मी म्हटलं, "अक्षरं बरोबर आहेत, पेत्रा. पाणी उलटं होतं."

मग ती पुढचं विचारेल
म्हणून मी वाट पाहत राहिले.
तिनं पदरानं पायरी पुसली,
आणि विचारलं नाही.