उजवीकडून आधी

टाकीत क्लोरीन किती उरलंय
ते मी हलवून ओळखते,
जसं पूर्वी कोपर बुडवून ओळखायचे
पाणी मेलेल्या बाईला सोसेल का.

लान्साना म्हणतो, मेलेल्याला काय सोसायचं.
बावीस वर्षांचा आहे तो,
केनेमाच्या कॉलेजातून आलेला.
यादी त्याच्याकडे असते.

मार्चमध्ये आमच्या सेम्बेमा गावात
लोंबे दाईला आम्ही सात जणींनी धुतलं.
केस सोडवले, नखांतली माती काढली,
एकीने तर तिचं तोंड स्वतःच्या गालाला लावलं.
इबोला हा शब्द आम्ही तेव्हा ऐकला नव्हता.
भात पेरायच्या वेळेला
सातांतली मी उरले.

म्हणून मला कुणी सांगू नये
हात का लावायचा नाही.
आणि हात न लावणं सोपं असतं
असंही कुणी सांगू नये.

आज टेने वांडीचं घर.
जीप लांबच थांबवतो. साध्या कपड्यांत चालत जातो.
सुरुवातीला आम्ही पांढरे होऊनच उतरायचो;
पोरं किंचाळत कसावाच्या शेतात पळायची,
म्हातारे दगड उचलायचे.
बरोबरच करायचे.
आता आधी नाव सांगते: मी बोई स्वारे,
मोआ नदीच्या अलीकडची.
मग त्यांच्यासमोरच एकेक अंगावर चढवते,
म्हणजे आत कोण शिरलं
ते त्यांनी पाहिलेलं असतं.

पिशवीसुद्धा आधी काळी होती.
एक म्हातारा म्हणाला, काळ्या पिशवीत कचरा भरतात,
माझ्या बायकोला कफनाचा रंग तरी द्या.
आम्ही केनेमाला कळवलं, केनेमाने फ्रीटाउनला.
खूप आठवड्यांनी पांढऱ्या आल्या.
तोवर काळ्यांतून किती गेल्या
ते मी मोजलेलं नाही.
यादीत असेल.

दोरीच्या पलीकडे न्यांडा, टेनेची धाकटी.
हातात निळं गारा कापड, आईने स्वतः रंगवलेलं.
मला फक्त पाय धुऊ दे तिचे.
नाही.
तळवे तरी.
नाही.
गॉगलच्या आत मला दिसेनासं झालं,
आणि गॉगल पुसता येत नाही.

मग म्हटलं, न्यांडा, तू सांग.
तू सांगशील तसं मी करते.

ती गप्प. एक कोंबडं दोरीखालून आत शिरलं,
मोमोने त्याला हाकललं.

तोंड, ती म्हणाली. डोळे मिटलेत का?
मिटलेत.
उजवा हात.
मी उजवा हात फवारला.
कोपरापर्यंत.
कोपरापर्यंत.
डावा. मग डोकं.
कानामागे, तिथे तिला गुदगुल्या व्हायच्या.
कानामागे.
पाय. उजवा आधी.
उजवा आधी, मी म्हणाले,
तीस वर्षं तेच करत आले, पोरी.

इमाम पाच पावलांवर उभे होते.
बोलले काहीच नाहीत,
बोटांवर मोजत राहिले.

झालं ना, लान्साना म्हणाला, एकदा पुरतं.
तीनदा, मी म्हणाले.
त्याने यादी चाळली.
तीनदा करू नये
असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

न्यांडाने कापड जमिनीवर ठेवलं, मागे सरली.
मी ते टेनेच्या अंगावर पसरलं.
झिपचा आवाज लपवता येत नाही,
म्हणून मी त्याच वेळी मोठ्याने नाव घेते:
टेने, जेबेची लेक, न्यांडाची आई.

मूठमाती सगळ्यांनी दिली.
मातीला हात लावायला बंदी नाही.

जीपमध्ये लान्साना विचारतो,
त्या सहा जणी कोण होत्या.
पुढच्या खेपेला सांगेन म्हणते,
आणि टाकी हलवून बघते.
अजून दोन घरं आहेत,
ही अर्धीच.