फ्रिजवरचा कागद

रविवारी रात्री लाइटबिलाच्या पाठीवर
मी सात रेघा ओढते.
विश्रामबागेत कृष्णाकाठची वांगी मिळाली, पांढरी,
ती मंगळवारात बसवली.
बुधवारी अख्खा मसूर. अवधूतला डबा दोन वेळचा,
ओवीला क्लासला कोरडं काहीतरी.
ह्यांची कुपवाडला पहिली पाळी,
माझी मिरजेत रात्रपाळी;
आमचं बोलणं हल्ली या कागदावरच.

'गवार नको.' हे ह्यांचं अक्षर.
'मग मेथी निवडायची कुणी?' हे माझं.
खाली पेन्सिलीनं, ओवीचं:
'मी निवडली. देठं जास्त आलीत.'

गुरुवारी वांगी परडीत तशीच,
जरा सुरकुतलेली.
मंगळवारी मग काय खाल्लं?
कुणालाच आठवेना. भडंग, बहुतेक.

शनिवारचा रकाना मी कोरा सोडते.
त्या रात्री मी घरी असते.
उरलेल्या डब्यांची झाकणं काढायची,
शिळ्या चपात्या कुस्करायच्या,
होती नव्हती ती वांगी चिरून टाकायची त्यातच.
मोहरी तडतडली की
आपापल्या खोलीतून येतात तिघं, न बोलावता.

एक कढई, चार चमचे.
ह्यांनी कुस्कऱ्यातून वांग्याची फोड वर काढली,
उजेडात धरली,
म्हणाले, हा बघ,
सापडला मंगळवार.