दोन केस खाली

हॅमट्रॅमकमधलं हे घर घेतलं
ते तळघर कोरडं म्हणून.
शर्वाणीला उजेडाचं स्वयंपाकघर हवं होतं,
मला अंधार,
कारण उन्हाने रंग विटतो.

काचेमागे एकोणचाळीस गाड्या,
सगळ्या एकास अठरा.
नखाने बॉनेट उचललं की
आत नारिंगी इंजिन, प्लगच्या तारा,
बॅटरीवर वाचता येणार नाहीत अशी अक्षरं,
आणि सीटखाली गालिच्याची खरी लव.
मी पांढरे हातमोजे घालतो.
खोकीही टाकत नाही;
थर्माकोलला गाडीचा आकार आठवत असतो.
"भातुकली," शर्वाणी म्हणते,
"फक्त हिच्यात कुणाला जेवायला मिळत नाही."

दिवसा मी एका कारखान्यात
इतरांच्या चुका मोजतो.
शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर इकडेतिकडे
की लाल शिक्का.

फेब्रुवारीत पाइप गोठला.
शेजारचा कॅझिमिर व्रोना
बायकोचा हेअर ड्रायर घेऊन खाली आला.
अर्धा तास पाइपाला वारा घातला, पोलिशमध्ये शिव्या घातल्या,
पाणी सुटलं तसा मागे वळला
आणि जांभळ्या चॅलेंजरपाशी थांबला.

सत्तर सालची.
जांभळाचा नव्हे,
जांभळं खाल्ल्यावर जिभेचा होतो तो रंग.

"ही आमची," तो म्हणाला.
"उजवं दार. रात्रपाळी. एकोणीस वर्षांचा होतो."
तो कारखाना केव्हाच पाडला.
तिथे आता दुसऱ्याच कंपनीचं कुंपण आहे,
मी रोज त्यावरून जातो,
जाताना बांगलादेशी दुकानातून कोथिंबीर घेतो.

मोजे पुढे केले, त्याला दिसले नाहीत.
उघड्या हाताने गाडी उचलली.
अंगठ्याला नख नाही,
ते त्याच दाराने नेलं म्हणे, एकाहत्तरच्या ऑगस्टमध्ये.
दार उघडलं. लावलं. उघडलं.
मान हलवली.
"फार सरळ बसवलंय कुणीतरी.
आमचं दोन केस खाली असायचं.
मिनिटाला एक गाडी, रे. खांदा लावायचा,
की बसलं.
शुक्रवारी तीन केस."

दोन केस, भागिले अठरा.
हे मोजायचं यंत्र
माझ्या प्रयोगशाळेतही नाही.

त्याने चिमटा मागितला.
दोनशे ऐंशी डॉलर, खोक्यासकट, एक ओरखडा नाही,
हे सगळं माझ्या जिभेवर आलं
आणि मी चिमटा दिला.
का, ते शर्वाणीलाही सांगता आलं नाही.

बिजागरी वाकवताना तो श्वास धरून होता.
मग दार लावलं.
लावलं अंगठ्याने,
पण हलला तो खांदा.

एप्रिलमध्ये टोलेडोच्या मेळ्यात
एकाने डोळ्याला भिंग लावून सांगितलं,
"दार उतरलंय. निम्मी किंमत."
"विकायची नाही," मी म्हटलं. "आणि उतरलेलं नाही.
तसंच बसवलंय."
त्याने माझ्याकडेही भिंगातूनच पाहिलं.

मोजे मी अजून घालतो.
त्या एका दारापुरता
उजव्या हातातला काढून ठेवतो.