माप

गंगाखेड नाक्यावर
टायरवाला आणि रसवंती यांच्या मधल्या बोळीत
खलील मिस्तरीनं माझ्या गाडीची सीट उलटी केली,
पकडीनं एकेक पिन उचकटली
आणि रेग्झीन सोललं.

आत पिवळा पडलेला फोम.
एकोणीस वर्षं बसलो त्याच्यावर,
तोंड आज पाहिलं.

त्यानं चष्मा कपाळावर सारला, फोमवर तळवा फिरवला,
गाभण म्हशीच्या कुशीवर मी फिरवतो तसा,
म्हणाला, "डाक्टरसाब, डावे बाजू झुकते तुम."

मी डाक्टर नाही.
वळूचं बीज घेऊन हिंडणारा माणूस.
उजव्या अंगाला नायट्रोजनचं नळकांडं,
आत देवणी, लाल कंधारी, मुऱ्हा
उणे एकशे शहाण्णववर गपगार झोपलेले.
त्यांना झोपता यावं म्हणून
मी डावीकडे.

पालम, सोनपेठ, पूर्णा, परत पालम.
माजावर आलेली म्हैस घड्याळ बघत नाही
आणि रस्ता करणारा माझं माकडहाड.
रात्री उभ्यानं जेवतो.
बायको विचारती, नवस बोललाय का कुठला?

त्यानं पुढ्यात तुकडे टाकले.
एक लोण्यावाणी, बोट ठेवलं की आत.
म्हणालो, हाच.
"नरम कू दिल नक्को देव, साब.
बीस किलोमीटर का प्यार हय वो.
बाद में सीधा पत्रा लगता."

दुसरा विटेगत. त्याच्यावर बसवलं मला,
गाडी डबल स्टँडवर, पाय फुटरेस्टवर,
हात हँडलला, नजर समोरच्या भिंतीवर.
अर्धा तास हलायचं नाही.
रसवंतीवरची पोरं हसायली,
"काका, कुठवर पोचले?"
मी तवर झिरो फाटा ओलांडला होता.

मग खाली पुठ्ठा ठेवला,
म्हणाला, पूरा वजन छोडो.
उठल्यावर पुठ्ठ्यात दोन वळ.
टेप लावून बघितलं, पावणेपाच इंच.
छातीचं माप शिंप्यानं घेतलं होतं,
उंचीचं भरतीवाल्यांनी,
बोटाचं सासऱ्यानं, तेही दोऱ्यानं, चोरून.
बसायच्या दोन हाडांमधलं अंतर
छपन्न वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

कव्हर करडं घेतलं.
काळ्यावर मे महिन्यात बसलो की
पँटीला आपोआप इस्तरी होते.

सगळं ठरलं, विसार दिला.
तेवढ्यात त्याचं बोट फोमच्या पुढच्या टोकाशी थांबलं,
टाकीला लागून एक उथळ खळगा,
वाटीएवढा.
"ये किसका?"

आम्रपालीचा.
बालवाडी ते तिसरी.
टाकी धरून बसायची, स्पीडोमीटरचे आकडे
मोठ्यानं वाचायची, तीसच्या पुढं तिला येत नव्हते,
म्हणून मी तीसच्या पुढं जात नव्हतो.
आता हैदराबादला नोकरीला हाय. कार घेतली मागल्या साली.

एवढं काही मी बोललो नाही.
म्हणालो, पोरीचा. तेवढा राहू द्या.

मिस्तरी हसला नाही.
"खड्डा रखने नहीं आता, साब. नया फोम हय.
बैठना पडता."

तो स्वतः दिवसभर
सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर बसतो.
त्याला विचारलं तर म्हणे, मेरेकू किधर जाना हय?

चौथ्या दिवशी सीट मिळाली.
पूर्णेला जाऊन आलो, मग पालमला, एका दमात.
पाठ शाबूत. उजवीकडे अर्धा इंच चढ दिलाय त्यानं,
मी सरळ बसतो, मला सरळ बसायची सवय नाही,
वळणावर अजून चुकल्यागत होतं.

जुना फोम टाकून देणार होता.
मागून घेतला. पुढचं टोक सुरीनं कापलं
आणि नळकांड्याच्या बुडाखाली बसवलं,
खळगा वर करून.
खडखड थांबली.
बरोबर मावतं.

आता देवणीचा वळू
तिथं बसून सोनपेठला जातो.
नवीन सीट दुखत नाही
तरी मी तीसनंच चाललो होतो काल,
मागनं एक टेम्पोवाला
शिव्या देत गेला.