माहितीचा स्रोत

सकाळी मेडिकल, मग धंतोलीतल्या दोन लॅब,
ऊन डोक्यावर आलं की महापालिकेत
जन्म-मृत्यूच्या खिडकीमागं ठवकरबाबूंजवळ.
स्कूटीच्या डिकीत कोरे फॉर्म, ओला दुपट्टा, एक कांदा.

शहरातल्या प्रत्येक गाठीची नोंद ठेवायची,
हे माझं काम. एका माणसाची एक नोंद, दोन नाही.
ऐकायला सोपं वाटतं.

म्हाताऱ्यांचं जमतं. ते एका नावात असतात,
एका पत्त्यावर.
ही पंधरा ते एकोणचाळीसची पोरं हातात राहत नाहीत.
मेडिकलच्या कागदावर तृषाली गजभिये, इंदोरा, वय सतरा.
लॅबच्या पावतीवर टी. आर. गजभिये, अठरा.
पुण्याहून आलेल्या पत्रात त्रिशाली,
आडनाव तिसरंच, बहुतेक मामाचं.
तिघी तीन दिवस माझ्या टेबलावर होत्या.
जन्मतारीख जुळली तेव्हा एक झाल्या.

निकेश उईके बैतुलहून आला,
गिट्टीखदानला खोली, भाडं आठ महिन्यांचं.
वर्ष भरलं नाही, म्हणून तो या शहराच्या मोजणीत नाही.
पाय मात्र त्याचा इथंच राहिला.

मृत्यूच्या रजिस्टरात कारण असतं: हृदय बंद पडले.
"सगळ्याइचंच पडते न बाप्पा," ठवकरबाबू म्हणतात,
"तुमाले पाह्यजे ते मांगं शोधा."
जरीपटका, वय सतरा, हृदय बंद पडले.
मी मागं शोधत गेले तर सापडलं,
वॉर्डाच्या वहीत, पलंग नंबर अकरा.

आज पाठपुराव्याचे फोन. पाचातला एक नंबर बंद,
एक आता नंदनवनच्या बिर्याणीवाल्याचा.
तृषालीची शेवटची खबर सहा वर्षांपूर्वीची.
रिंग वाजते तोवर मी रकाना बघते:
जिवंत, मृत, माहीत नाही.
पेन तिसऱ्यावर टेकलेलं, सवयीनं.

"कोण? हो, मीच."
मागं ड्रिलचा आवाज. मिहानला साइटवर आहे म्हणाली,
जोरात बोला.
मी छापील प्रश्न वाचते, ती उत्तरं देते.
मग तिचा प्रश्न येतो, त्याला फॉर्ममध्ये जागा नाही.

"मले लहान पोराइच्या वार्डात टाकलं होतं, मॅडम.
भिंतीवर ससे. पाय पलंगाच्या बाहेर.
मंग अठराची झाली तं मोठ्या बायांच्या वार्डात,
सगळ्या आज्या, मले पाहून रडत.
एक पोट्टा सोडला तं माह्या वयाचं कोणीच नव्हतं.
किती होतो आमी?"

आकडा माझ्याकडं आहे.
त्या वर्षाचा, त्या वयाचा, या शहराचा.
आकडा सांगायला मनाई नसते. सांगितला.
ड्रिल थांबलं, की तीच दूर गेली, कळलं नाही.
"येवढे?
मंग दिसलो काहून नाही?"

एक धंतोलीत होता, एक मुंबईच्या गाडीत,
एक घरातल्या घरात, दार लावून.
हे मी म्हणत नाही.

"अन् तो खिडकीजवळचा? जरीपटक्याचा.
रात्री कॉमेंट्री ऐकत राहे,
एक इयरफोन मले द्यायचा."

नोंदी गोपनीय असतात, मी म्हणते.
हेही छापील वाक्य, रोज वाचते,
आज मधेच अडखळले.
"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "बरं."

कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता पंखा घरघरतोय.
मी तारीख टाकते. जिवंत, असं अक्षरात लिहिते,
कोडनं भागलं असतं.
शेवटचा रकाना, माहितीचा स्रोत:
एक रुग्णालय, दोन लॅब, तीन मृत्यू नोंद.
स्वतः, हा पर्याय छापलेला नाही.
नऊवर खूण करते, इतर,
आणि पुढच्या टिंबांवर लिहिते: ती.